घरबसल्या परदेश

अभ्यासक्रमाचे आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे विद्यार्थ्याने गावातच राहायचे आणि परदेशाने अभ्यासक्रमात यायचे. ही सोय मूळ स्वीडनमधल्या माल्मोची. 1998 साली तिथे नवे विद्यापीठ निघाले. नव्या विद्यापीठाला परदेशी सोयरे कुठून असणार? तेव्हा तिथल्याच बेंग्ट निल्सन यांनी अडचणीचेच बारसे केले आणि नाव ठेवले ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’. त्यात तथ्यही होते. बहुतेक विद्यार्थी परदेशी जातच नाहीत, आणि माल्मोत परदेशातून येऊन राहिलेली माणसे पुष्कळ. अडचणीला धोरण म्हणण्याची ही युक्ती भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 2020 साली उतरली. पुढच्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे कार्यालय उघडण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यालय म्हटले की पाटी आली, समन्वयक आला आणि मासिक अहवालही आला.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातले नांदूरघाट या बाबतीत मागासलेले समजणे चूक ठरेल. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा. टपालाचे तिकीट वेगळे, नाणे हाली शिक्क्याचे, आणि विद्यापीठ हैदराबादचे उस्मानिया. ते 1918 साली उर्दू माध्यमात सुरू झाले. शिकायला पुण्याला निघालेला मुलगा खरोखरच हद्द ओलांडून दुसऱ्या राजवटीत जात असे. त्यासाठी कोणाची समिती बसली नव्हती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ 1958 साली मिळाले आणि आंतरराष्ट्रीयीकरण तिथेच संपले.

आता ते क्रेडिटच्या रूपाने परत आले आहे. युरोपातल्या देशांनी 1999 साली बोलोन्यात करार केला आणि पुढे वर्षाला 60 क्रेडिट हे त्यांचे माप रूढ झाले. महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पदवीला 132, म्हणजे वर्षाला 44. साठाला चव्वेचाळीस हा विनिमयाचा दर रिझर्व्ह बँकेने अद्याप जाहीर केलेला नाही. क्रेडिट साठवायची बँक मात्र उघडली आहे. तीत खाते काढायला जामीनदार लागत नाही, हे कर्जबाजारी जिल्ह्यात विशेष नमूद करण्यासारखे.

या विषयातला सर्वांत मोलाचा शब्द ‘विद्यार्थ्यांची गतिशीलता’. एक सत्र दुसऱ्या मुलखात काढायचे, तिथले काम शिकायचे, आणि परत यायचे. केज तालुक्याला हे नवे नाही. दिवाळी सरली की ट्रकवर बिऱ्हाड चढते, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि कोल्हापूर-सांगलीच्या, नाहीतर सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात मुक्काम पडतो. शिष्यवृत्ती आगाऊ मिळते. तिला उचल म्हणतात आणि ती मुकादम देतो. ती फेडावी लागते, एवढाच काय तो शिष्यवृत्तीशी फरक. शिकणाऱ्या वयाची पोरेही जोडीने जातात. प्रात्यक्षिकाच्या 30 तासांना एक क्रेडिट हा नियम त्यांना लावून पाहावा. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावरून गाडीत चढवणे यांचे दिवसाला बारा तास आणि हंगामाचे 110 दिवस धरले, तर 1320 तास होतात. त्याचे क्रेडिट बरोबर 44. म्हणजे पदवीचे एक वर्ष पुरे. विद्याशाखा कोणती, एवढेच ठरवायचे राहते.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांवर आणखी 25 टक्के जागा ठेवण्याची मुभा आयोगाने 2022 साली दिली. इथे त्यासाठी नवी बाके घेण्याचे कारण नाही. हंगामात ती रिकामीच असतात.

ज्यांना घरच्या घरी भागत नाही त्यांच्यासाठी परदेश नवी मुंबईपर्यंत येऊन ठेपला आहे. जून 2025 मध्ये अॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था अशा पाच ठिकाणांना तिथे शाखा काढण्याची इरादापत्रे देण्यात आली. बीडहून रेल्वेही निघते. ती अहिल्यानगरपर्यंत 17 सप्टेंबर 2025 ला सुरू झाली, मार्ग मंजूर झाल्यापासून सुमारे तीस वर्षांनी. इरादापत्र आणि रेल्वे यांतले कोणते आधी नांदूरघाटला पोहोचेल, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

गाळपाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पहिल्या सत्राची परीक्षाही साधारण त्याच सुमारास असते.