जावयाची आडवी सायकल आणि तारेचा वनवास

शेजारच्या अण्णांचा जावई पायानं अधू झाला, ही बातमी आमच्या दुबलगुंडीत कुणी सोडली ते कळलं नाही. पण बायका वहिनींना धीर द्यायला यायला लागल्या, तेव्हा अण्णांचं डोकं फिरलं. जावई हॉलंडात, आइंटहोवनला नोकरीला. त्यानं व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला होता. तीन चाकं, जमिनीलगत खुर्ची, खुर्चीत हा रेलून बसलेला आणि पाय समोर उचललेले. आपल्याकडे मोठ्या माणसाची तीनचाकी म्हटलं की शिबिरात वाटतात ती आठवते, कानपूरच्या अलिम्कोची, हातानं फिरवायची. कुणीतरी फोटो बघितला आणि पुढचं गावानं आपलं आपण जुळवलं.

"गुरुजी, तुमी तरी सांगा ह्या लोकांला," गडग्यापलीकडून तूर पाखडता पाखडता वहिनी म्हणाल्या. "माझी पोरगी तिकडं हसून हसून मराय लागलीय आन् हिकडं मला रडायला लावालेत."

"वहिनी, पाय ठणठणीत आहेत त्यांचे. पायानंच चालवतात. फक्त बसायची तऱ्हा वेगळी."

अण्णांनी बसस्टँडजवळ सायकलचं दुकान चालवलं. तासावर भाड्यानं सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, चाकाचा आउट काढायचा. दुकान बंद झालं तरी नजर तीच राहिली. फोटोत सगळ्यांनी जावयाचे पाय बघितले, अण्णांनी चेन बघितली.

"पायडल पार म्होरं, चाक पार मागं. मंजे चेन केवढी व्हय ओ?"

"अडीच-तीन साध्या चेनी जोडून एक. सीटखाली रोलर असतो, त्यावरून वळवून मागं नेतात. काही जण प्लास्टिकच्या नळीतून नेतात, म्हणजे पँटला वंगण लागत नाही."

"तीन चेनी! आन् हे सगळं कशापायी?"

वाऱ्यापायी, मी म्हटलं. साध्या सायकलवर आपण छाती पुढं काढून वाऱ्याशी कुस्ती खेळतो. सपाटीला वेग वाढला की पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. रेलून बसलं की वाऱ्याला अंग कमी सापडतं. शिवाय कंबर, मान, मनगट यांची तक्रार नाही. जावयानं घेतली ती कंबरेसाठीच. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून धरली होती.

"एवडं ब्येस आसल तर मग शर्यतीत का दिसत न्हाई?"

ही गोष्ट मी अण्णांना सांगायची राखूनच ठेवली होती. पॅरिसमध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर होता. त्यानं असली दोनचाकी आडवी सायकल केली आणि फ्रान्सिस फोर नावाच्या, पहिल्या फळीतल्या नव्हे, अशा सायकलपटूला तिच्यावर बसवलं. ७ जुलै १९३३ ला फोरनं तासाभरात ४५.०५५ किलोमीटर तोडले. आधीचा विक्रम ऑस्कर एग्गचा, ४४.२४७ चा, १९१४ पासून कुणाला हलला नव्हता. मग काय, जागतिक सायकल संघटना बसली आणि १९३४ च्या एप्रिलमध्ये सायकल म्हणजे काय याची व्याख्याच अशी केली, की आडवी तिच्यात बसेना.

"जितली म्हनून बाद केली?" अण्णा गडग्यावर कोपर टेकून पुढं वाकले. "ही तर आपल्या सोसायटीच्या निवडणुकीगत गत झाली."

बाद झाली म्हणून ती थांबली नाही. कवच घातलेल्या आडव्या सायकलीवर टॉड राइकर्ट नावाच्या कॅनडाच्या माणसानं २०१६ मध्ये नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या रस्त्यावर ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला, इंजिनाशिवाय. पण शर्यतीत नाही म्हणून मोठ्या कंपन्यांचं लक्ष नाही, आणि लक्ष नाही म्हणून तिच्या मापाचे सुटे भाग नाहीत. गिअर, लिव्हर, तारा, सगळं उभ्या सायकलसाठी केलेलं. आडवीवाल्यानं ते आणायचं आणि आपल्या जुगाडानं बसवायचं. जावई सध्या त्याच उद्योगात होता. रविवारी लेकीनं फोन केला की मागं पान्याचा आवाज.

"काय बसवालाय?"

"बॅटरीवरचे गिअर."

वहिनींचं सूप थांबलं. "सायकलला बॅटरी? मग मोटारसायकलच घ्यावं की."

बॅटरी चाक फिरवत नाही, गिअर बदलते, हे समजवायला थोडा वेळ गेला. पण गिअर हातानं बदलतोच आहे माणूस, मग त्यात बॅटरी कशाला, हा प्रश्न वहिनींचा होता आणि तो रास्त होता. उत्तर मात्र अण्णांनी दिलं, मी नाही. ते आत गेले आणि जुन्या मोपेडच्या क्लचची, टोकाला स्प्रिंग अडकवलेली केबल घेऊन आले. आउटर सरळ धरला आणि आतली तार एका बोटानं ओढली. सुळकन आली. सोडली, सुळकन गेली. मग आउटरला दोन वेढे दिले, एक उजवा, एक डावा. आता ओढताना बोट पांढरं पडलं. सोडल्यावर तार अर्ध्यावर येऊन बसली ती बसलीच.

"बगा," अण्णा म्हणाले, "ओढायला मानसाचा हात आस्तोय. परत न्यायला नुस्ती स्प्रिंग. आउटर लांब झाला, वळणं झाली, की हात जितंतोय आन् स्प्रिंग हरतीय. आन् त्यात आपली काळी माती शिरली, मंग तर बोलूच नका."

यापेक्षा नेमकं मी वर्गात कधी शिकवलं नाही. आडव्या सायकलचं दुखणं हेच. मुठीपासून मागच्या गिअरपर्यंत तार दोन मीटर आणि वर जाते, सीटच्या खालून, मागून, सांध्यांना वळसे घालत. मागच्या दातेरी चकत्या हल्ली दहा-अकरा-बारा असतात. दोन चकत्यांमध्ये चार मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर. त्यात आउटर थोडा दबला, तार थोडी अडकली, की चेन ना या चकतीवर ना त्या. कडकड आवाज करत मधेच लोंबते. उभ्या सायकलवर तेवढ्यापुरतं उठून, जोर लावून चढ काढता येतो. आडव्यावर उठणार कुठं? हलका गिअर वेळेवर पडला नाही तर चढावर माणूस थांबतो.

बॅटरीच्या गिअरमध्ये ही तारच जाते. मागच्या गिअरला चिकटून छोटी मोटर असते. मुठीत बटण दाबलं की मोटर गिअरला ठरलेल्या जागी सरकवते. पन्नासाव्या वेळी जिथं, पाच हजाराव्या वेळी तिथंच. ही कल्पना नवी नाही. फ्रान्सच्या माविक कंपनीनं १९९० च्या दशकातच असा संच काढला होता, पण तो बाजारात तगला नाही. जपानच्या शिमानोनं २००९ च्या सुमारास डीआयटू आणला आणि मग शर्यतवाल्यांत तो रुळला. त्याला बारीक वायर लागते. अमेरिकेच्या स्रॅमनं २०१५ मध्ये वायरही काढून टाकली, रेडिओच्या लहरींवर काम.

माझं मत मी अण्णांना सांगून टाकलं: शर्यतवाल्यांसाठी ही चैन आहे. त्यांची तार त्यामानानं आखूड, कमी वळणांची, आणि मागं मिस्त्री जीप घेऊन धावतोय. खरी गरज या आडव्यावाल्याची. ज्याला शर्यतीतून हाकललं, त्यालाच शर्यतीच्या दागिन्याचा खरा उपयोग.

जावयानं आधी वायरवाला बघितला. पण वायरी ठराविक मापाच्या मिळतात आणि आडवीचा पुढचा दांडा पायाच्या लांबीप्रमाणे आत-बाहेर सरकतो. त्याच्या टोकाला पायडल आणि पुढचा गिअर. दांडा सरकवला की वायर ताणते, नाहीतर लोंबते. म्हणून त्यानं बिनवायरीचा घेतला. लिव्हर मात्र वाकड्या हँडलच्या शर्यती सायकलसाठी बनवलेली, याच्या सरळ उभ्या मुठींवर ती बसेना. मग नुसती बटणं घेतली, अंगठ्याखाली चिकटवली. उजवं दाबलं की गिअर जड, डावं दाबलं की हलका, दोन्ही एकदम दाबलं की पुढची चकती बदलते.

"दोन्ही येकदम," अण्णांनी हवेत दोन्ही अंगठे दाबून बघितले. "ब्येस हाय. आन् सेल मेला, तर?"

हा दुकानदाराचा प्रश्न. स्रॅमच्या त्या संचात पुढच्या आणि मागच्या गिअरला वेगळ्या बॅटऱ्या असतात, पण एकाच मापाच्या. चार्ज केली की साठेक तास चालते, असं कंपनी सांगते. पुढचा गिअर क्वचित बदलतो, म्हणून मागची मेली की पुढची काढून मागं लावायची आणि घर गाठायचं. शिमानोच्या वायरवाल्यात एकच बॅटरी. ती संपत आली की आधी पुढचा गिअर हलायचा थांबतो, मागचा आणखी थोडा वेळ साथ देतो. पार संपली, तर ज्या चकतीवर आहात तिच्यावर घरी.

"साठ तास कुटं सायकल चालवतोय मानूस?" वहिनी.

चालवतात, मी म्हटलं. फ्रान्समध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरची फेरी दर चार वर्षांनी असते, नव्वद तासांची मुदत. मागची २०२३ ला झाली. भारतातून, महाराष्ट्रातूनही बरेच जण जातात. तिथं आडव्या सायकलींना बंदी नाही, त्यांना वेगळ्या तुकडीत सोडतात.

"नव्वद तास! अय्यो, आन् निजायचं कवा?"

"आडवाच हाय की त्यो," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की ठसका लागला.

मग पैशाचा विषय निघाला, तो टळणार नव्हताच. नवा पूर्ण संच लाखाच्या पुढं जातो. वहिनींनी मनातल्या मनात तेवढ्यात म्हैस घेतली, तिचं दूध डेअरीला घातलं आणि पोरीला फोन लावायचा बेत केला. मी घाईनं म्हटलं, त्यानं वापरलेला घेतलाय, निम्म्यात. हे मला खरं तर माहीत नव्हतं, पण गडग्यावर शांतता राखणं हेही काम असतं.

अण्णांना किंमत टोचली नाही. त्यांना टोचलं ते वेगळंच. "क्लिकच काडून टाका की," ते म्हणाले. "पूर्वीच्या लिव्हरला क्लिक कुटं व्हते? हातानं ओढायचं, कानानं ऐकायचं, चेन बसली की थांबायचं. तार जरा आडली तर जरा जास्ती ओढायचं."

यात तथ्य आहे आणि आडवी चालवणारे कित्येक जुने लोक अजून तेच करतात, मुठीच्या टोकाला बिनक्लिकची लिव्हर. पण दहा-बारा चकत्यांत कानानं जागा शोधणं सोपं नाही, आणि खाली रस्त्याचा, मागं गाड्यांचा आवाज. मी अण्णांना मधला मार्गही सांगितला. आर्चर नावाच्या अमेरिकन कंपनीनं एक डबी काढली होती. जुना तारेचा गिअर तसाच ठेवायचा, डबी मागं चाकाजवळ बसवायची. मुठीतल्या बटणानं तिच्यातली मोटर वीतभर तार ओढते.

अण्णांचा चेहरा खुलला. "ह्ये पटलं. तार ऱ्हायली, फकस्त लांबी गेली. ह्ये मी बी दुरुस्त करीन."

वहिनींचं मात्र अजून त्या तीनचाकीतच अडकलं होतं. "मग ते शिबिरात देतेत, त्या लोकांला बी आसं बटन बसत न्हाई का?"

बसतं, आणि तिथं तर फारच उपयोगाचं. हातानं फिरवायच्या सायकलींची शर्यत पॅरालिम्पिकमध्ये असते. इटलीचा झानार्दी, मोटार शर्यतीत २००१ मध्ये दोन्ही पाय गमावलेला, त्यानं २०१२ ला लंडनमध्ये आणि २०१६ ला रिओत तिथली सुवर्णपदकं मिळवली. ज्याचे दोन्ही हात चाक फिरवण्यात गुंतलेत, त्यानं लिव्हरसाठी हात सोडला की वेग गेला. बटण मुठीतच असलं तर हात सुटतच नाही. आपल्या शेजारी हैदराबादला आदित्य मेहता फाउंडेशन अशा खेळाडूंना तयार करतं. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण म्हशीचा विषय पुन्हा काढला नाही.

जावई जानेवारीत येणार, हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराच्या जत्रेला. सायकल घेऊन येऊ का, असं त्यानं विचारलं होतं. यावर मात्र तिघांचं एकमत झालं: नको. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. रस्त्यावर ट्रॉल्या, मागं दिवा नाही, वर ऊस बाहेर लोंबलेला. जमिनीपासून हातभर उंचीवर बसलेला माणूस ट्रॅक्टरवाल्याला दिसणार कसा? हॉलंडात सायकलींना वेगळा रस्ता असतो आणि झेंडा लावला की भागतं. इथं झेंडा लावला तर लोक जत्रेची वर्गणी मागतील. शिवाय आमची कुत्री. त्यांच्या तोंडाच्या उंचीवर माणसाचं तोंड येणार.

"सायकल नको," अण्णा शेवटी म्हणाले, "पर त्यानं काडलेला जुना गिअर कुटं हाय? लिव्हर?"

"पडला असेल तिथंच, खोक्यात."

"त्यो आनाय सांगा. आन् आउटर बी. दोन मीटरच्या वर हाय म्हनालाव न्हवं? नातवाच्या सायकलच्या गिअरला पुरतंय त्ये."