दाराची किंमत

गडाच्या बुरुजावर कुणी 'बंटी प्लस पिंकी' कोरलं की आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. लंडनमध्ये त्याचा लिलाव होतो.

'क्वीन'चा गायक फ्रेडी मर्क्युरी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला. वय अवघं 45. केन्सिंग्टनमधल्या त्याच्या घरापुढे चाहते फुलं घेऊन जमले, ढसाढसा रडले, खिशातून मार्कर काढले आणि बागेच्या हिरव्या दारावर प्रेम ओतू लागले. वर्षानुवर्षं ओतत राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये ते दार सदबीज या लिलावघरात विकलं गेलं. 4,12,750 पौंड! म्हणजे चार कोटींच्या वर.

लिहिणाऱ्यांना छदाम नाही. मार्करही पदरचा.

त्याच लिलावात मिशी विंचरायचा चांदीचा एवढासा कंगवा होता. जाणकारांचा अंदाज चारशे ते सहाशे पौंड. गेला 1,52,400 ला. घेणाऱ्याला मिशी तरी असेल का?

शेवटच्या दिवसांत याच घराबाहेर फोटोवाले ठाण मांडून होते. गडी किती वाळला, एड्सच असणार, असा वर्तमानपत्रांचा रोजचा रतीब. 23 तारखेला त्यानं एड्स झाल्याचं जाहीर केलं, 24 ला डोळे मिटले. 25 ला त्याच वर्तमानपत्रांनी मोठ्ठा काळा मथळा टाकला.

सुतक बहुधा आदल्या रात्रीच लागलं असावं.

आणि आपण? फ्रेडीचा जन्म झांझिबारचा, नाव फारोख बलसारा, शाळा पाचगणीची. शाळेतच 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढलेला. तो जिवंत असताना 'क्वीन'चा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही. 2018 मध्ये त्याच्यावरचा सिनेमा आला नि गल्लोगल्ली साक्षात्कार झाला: अरे, हा तर आपलाच!

परवा पाचगणीत शेजारच्या टॅक्सीतून एक काळा टी-शर्ट उतरला. छातीवर फ्रेडी, मूठ वर. ड्रायव्हरला म्हणाला, "पारसी पॉइंट हे नाव ह्याच्यावरूनच ना?"

ड्रायव्हरनं छातीकडे नीट पाहून घेतलं. "व्हय साहेब. तिथं स्ट्रॉबेरी क्रीमबी मिळतं."

फ्रेडीनं आपली रक्षा पुरायचं काम मेरी ऑस्टिन या मैत्रिणीवर सोपवलं. जागा कुणाला सांगायची नाही, ही अट. बाईंनी दार विकलं, कंगवा विकला, पियानोसुद्धा विकला. जागा मात्र सांगितली नाही.

पोरगा पाचगणीत शिकलेला. जागेचा पॉइंट कसा होतो, हे त्यानं लहानपणीच पाहिलं होतं.