आद्याज्ञामीमांसा, अर्थात सातारा-सांगलीत संगणकाने प्रथम काय बोलावे
प्रोग्रामिंग शिकणाऱ्याचा पहिला प्रोग्राम 'हॅलो, वर्ल्ड' एवढेच छापतो. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या सी भाषेवरील ग्रंथाने ही प्रथा रूढ केली, आणि पुढे ती मुंजीतल्या मंत्रासारखी अर्थ न विचारता चालू राहिली. तो अर्थ विचारणे हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय होय.

पूर्वपक्ष असा : नवशिक्याला आधी सोपे द्यावे, आणि नुसते छापण्याहून सोपे काय असणार? अमेरिकेत हे खरे असेलही. कृष्णाकाठी मात्र अख्ख्या जगाला एकदम नमस्कार घालणारा इसम दिसला, की तो उमेदवार आहे असे लोक धरून चालतात. इथे बोलणे घोषणेने सुरू होत नाही, चौकशीने होते. सातारा-सांगली एस.टी.त शेजारचा आधी विचारतो, "कुठलं पाव्हणं?" उत्तर मिळाल्याशिवाय पुढची आज्ञा चालत नाही. सबब सिद्धान्त : या दोन जिल्ह्यांत पहिला धडा प्रिंटचा नसावा, इनपुटचा असावा.

नवशिक्यांचा कैवार घेऊन १९६४ साली डार्टमथमध्ये केमेनी व कर्ट्झ यांनी बेसिक भाषा काढली. तिच्या पहिल्या आवृत्तीत इनपुटची आज्ञाच नव्हती. ती आली १९६६ साली. दोन वर्षे यंत्र बोलत होते आणि समोरच्याला काही विचारत नव्हते. असा पाहुणा आपल्याकडे चहापर्यंतसुद्धा टिकत नाही.

आता या एका प्रश्नातून विद्यार्थी किती शिकतो ते पाहा. उत्तर आले "वडगाव". लगेच उपप्रश्न : कराडजवळचं वडगाव हवेली, की खटावातलं जयराम स्वामींचं? आलेली माहिती पारखून घेण्याचा पाठ इथेच झाला. उत्तर आले "सांगली", तर व्हेरिएबलचे नाव बदलण्याचा दाखला सरकारदप्तरी तयार आहे : १९४९ साली झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला.

दुसरा प्रश्न वयाचा. इथे पायथन भाषेचा स्वभाव कळतो. उत्तर अंकात दिले तरी तो ते मजकूर म्हणूनच ठेवतो. त्यात एक मिळवू गेलात तर भांडतो. आधी 'इंट' करून, म्हणजे त्याची संख्या बनवून, घ्यावे लागते. मात्र '४२' असे देवनागरीत टाइप केलेले उत्तर 'इंट' निमूट स्वीकारते. तोच ४२ प्रोग्रामच्या ओळीत संख्या म्हणून लिहिला, की चूक. पाहुण्याने मराठी आकडा आणलेला चालतो, घरच्याने वापरलेला चालत नाही! या भेदाचे समाधानकारक कारण आम्हांस कोणत्याही सासरी आढळले नाही. नवशिक्याला हे पहिल्याच दिवशी सांगावे, म्हणजे पुढचे पंधरा दिवस तो स्वतःला मूर्ख समजणार नाही.

राहता राहिले रिकर्शन. अभियांत्रिकीची मुले त्याला उगाच भितात. "कुठलं पाव्हणं?" नंतर "तिथं कुणाचं?", मग त्या कुणाचे पुन्हा कुणाचे, असे फंक्शन स्वतःलाच हाक मारत जाते. पायथन साधारण १००० पायऱ्यांवर हात टेकतो. आपल्याकडे एवढी वेळ येत नाही. एस.टी. उंब्रजच्या आसपास पोहोचते तोवर चौथ्या-पाचव्या पायरीला थांबण्याची अट पुरी होते : "म्हंजे तुमी आमच्या मेव्हण्याचं साडूच की! सरका जरा, पिशवी ठेवू द्या."