आधी दार, मग विमा

पेठच्या सुताराचा जीव स्वस्तात सुरक्षित झालाय. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरले की अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना 2 लाख. पण रंधा, पटाशी, ड्रिल मशीनचं काय? 2023 पासून विश्वकर्मा योजना अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत देते. अवजारं चोरीला गेली तर ज्याचं त्यानं बघावं. घरफोडीच्या पॉलिसीला सहसा कुलूप तोडल्याची खूण लागते. आता सुतार काम करतो ते बिनदाराच्या घरात. दार बसवायलाच तर त्याला बोलावलेलं असतं! वर आजोबांच्या रंध्याचं बिल दाखवा म्हणे. तेव्हा सही करण्याआधी एजंटला विचारा, साइटवरची आणि मोटारसायकलवरची हत्यारं यात धरलीत का? उत्तर तोंडी नको, पॉलिसीवर लिहून घ्या.