पोरखेळाची थोरवी

पंचेचाळिशीतला गणिताचा शिक्षक. घरी दहावीतली लेक, डोक्यावर घराचा हप्ता, कपाशी विकायची की ठेवायची म्हणून गावाकडून वडिलांचे फोन. हा माणूस आठवडाभर राखाडी शर्ट आणि गळ्यात स्कार्फ घालून एका मैदानावर राहतो. शिट्टी झाली की पळत जाऊन रांगेत उभा राहतो. हातभर दोरी घेऊन खांबाला क्लोव्ह हिचची गाठ बांधतो, ती सुटते, तो पुन्हा बांधतो. रात्री शेकोटीपुढे बेडकाची नक्कल करतो. स्काउट मास्टरचं हे प्रशिक्षण. जळगाव-धुळ्याकडचा कोणताही व्यवहारी माणूस त्याला एकच प्रश्न विचारेल : ‘काय भेटस भो तुले?’

काही मिळत नाही. पथक चालवण्याचा पगार नसतो आणि गणवेश बहुतेकदा स्वतःच्या खिशातूनच शिवावा लागतो. निवडणूक, जनगणना, पोषण आहार आणि रोज नवी मागवलेली ऑनलाइन माहिती एवढं सगळं अंगावर असताना आणखी एक ओझं हौसेने उचलणं हा शुद्ध वेडेपणा आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. आपल्या दोन जिल्ह्यांत तो वाढावा, असं मी मनापासून म्हणतो.

या वेडाची वंशावळ चांगली आहे. ऑगस्ट 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर विसेक पोरांबरोबर तंबूत राहणारे स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल पन्नाशीचे होते आणि सैन्यात लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यावर पोचलेले होते. पुढे चळवळ पसरली आणि मोठ्यांना शिकवायचं कसं हा प्रश्न आला, तेव्हा 1919 च्या सप्टेंबरात लंडनजवळच्या गिलवेल पार्कात पहिलं वुड बॅज शिबिर झालं. त्याची युक्ती साधी होती. मोठ्यांनी मुलांसारखंच संघ करून राहायचं, आपलं आपण रांधायचं, आपल्यातल्याच एकाचं ऐकायचं. शिबिर पुरं करणाऱ्याला लाकडाचे दोन मणी. आजही आपल्याकडे बेसिक, अॅडव्हान्स आणि हिमालय वुड बॅज अशा पायऱ्या चढून माणूस त्या दोन मण्यांपाशी पोचतो.

भारतात 1909 मध्ये स्काउटिंग आलं ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं. आपल्या पोरांना दार बंद होतं. ते उघडायला ॲनी बेझंट पुढे आल्या, मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी पुढे आले. या मंडळींना देशात दुसरी कामं कमी होती का? पण पोरांच्या गाठी आणि तंबू त्यांना स्वराज्याच्या कामाइतकेच महत्त्वाचे वाटले. वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना उभी राहिली. त्या पिढीत नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोसही होते. सर्वोच्च न्यायालयात बसलेला हा माणूस स्काउट चळवळीच्या राष्ट्रीय नेतृत्वातही होता. न्यायाधीशाच्या झग्याला स्काउटच्या स्कार्फची अडचण झाली नाही.

शिबिरात नेमकं काय घडतं, ते बाहेरून दिसत नाही. सहा-आठ जणांचा संघ असतो. त्यात मुख्याध्यापक होण्याच्या वाटेवरचे सर असतात आणि कालपरवा नोकरीला लागलेला सव्विशीतला मुलगाही. संघनायक तो मुलगा. ‘सर, तुमच्याकडे आज पाणी भरायचं काम,’ असं तो चाचरत सांगतो आणि सर बादली उचलतात. वीस वर्षं ज्यांनी फक्त हुकूम दिले, त्यांना हुकूम ऐकताना पोटात काय होतं ते त्या बादलीबरोबर कळतं. दोरीचंही तसंच. शीट बेंडची गाठ चौथ्यांदा चुकल्यावर, शेजारचा हसल्यावर, वर्गात कुणाला ‘ढ’ म्हटलं होतं ते आठवतं. अध्यापनशास्त्राचं कोणतंही पुस्तक हे इतक्या लवकर शिकवत नाही.

बायकांचा वेडेपणा तर याहून थोर. मुलींचं पथक चालवणाऱ्या गाईड कॅप्टनच्या शिबिराला निघालेल्या बाईंना घरातून परवानगी मिळवावी लागते, सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी फ्रीजवर लावावी लागते, आठ दिवसांचं पीठ दळून ठेवावं लागतं. एवढं करून त्या जातात आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घरच्या कुणाशिवाय तंबूत झोपतात. भल्या पहाटे मैदानावर बेडन-पॉवेल यांचे सहा व्यायाम करतात. मोठ्याने, बेसूर, मनसोक्त गातात. पुढे त्यांच्याच हाताखालची चौदा वर्षांची मुलगी ‘बाई, हाईकला मी नाही, घरचे नाही म्हणतात’ असं सांगते, तेव्हा तिच्या आईशी काय बोलायचं ते या बाईंना ठाऊक असतं. हे भाषणातून येत नाही.

एका बाबतीत खान्देशाला आघाडी आहे. शिबिरात भांड्यांशिवाय रांधायला शिकवतात. ज्यांनी हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्टी शेकली, त्यांना कुणी काय शिकवणार! इथे शेतकऱ्याच्या घरचा शिक्षक एकदम गुरू होतो आणि शहरी गॅसवर वाढलेले सर राख फुंकत बसतात.

खान्देशातल्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं-पांघरुणं, कपडे, खोल्या यांकडे ते आईसारखं बघत, स्वतः हात लावून कामं करत. ते स्काउट मास्टर नव्हते. पण शिक्षकाने मुलांपेक्षा उंच खुर्चीत बसलंच पाहिजे, हा शहाणपणा त्यांनी आपल्याच भूमीत मोडून दाखवला. त्या मातीत हे वेड नवं मानायचं कारण नाही.

शहाण्यांकडे अर्थातच सोपा उपाय आहे. सभागृह, पंखे, पडद्यावर गाठींची चित्रं, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. घाम नाही, डास नाहीत, बेडूकही नाही. अशा एका दिवसात तयार झालेला स्काउट मास्टर कागदावर पथक नोंदवतो आणि स्कार्फ 26 जानेवारीला कपाटातून काढतो. मला हा शहाणपणा घातक वाटतो. ज्याने स्वतः तंबूचा दोर ताणला नाही, तो वादळात पोरांना घेऊन उभा राहणार कसा? दिवस कमी करायचे असतील तर भाषणांचे करावेत. मैदानावरचा, चुलीपुढचा आणि शेकोटीचा एक तासही कापू नये.

मुख्याध्यापकांना एक सांगणं आहे. शिबिराचं पत्र आलं की नवख्या शिक्षकाच्या गळ्यात ते मारू नका. शिक्षकांच्या खोलीत विचारा, कुणाला हौस आहे? असा एखादा निघतोच. त्याच्या गणवेशाचे आणि एस.टी.च्या भाड्याचे पैसे शाळेने द्यावेत, त्याचे तास इतरांनी वाटून घ्यावेत. तो परत येईल तेव्हा आठवड्यातला एक तास पथकासाठी मोकळा ठेवा. त्या तासात आठवीतला संघनायक धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर कोणत्या वाटेने जायचं ते फळ्यावर काढेल, एक वळण चुकवेल, आणि आपले सर मागच्या बाकावर बसून, बरोबरची वाट माहीत असूनही, त्याची चूक दुसऱ्या पोराकडून दुरुस्त होईपर्यंत थांबतील.