न कळण्याची इयत्ता

आदिलाबाद जिल्ह्यातल्या शाळा १२ जूनच्या सुमारास उघडतात. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळच्या शाळांना तेव्हा अजून सुटी असते, कारण विदर्भातले जूनचे ऊन लेकरांना सोसवत नाही, असे महाराष्ट्र सरकारचे मत आहे. नदीच्या अलीकडचे ऊन तेलंगणाचे असल्यामुळे ते सोसते. पहिलीच्या मुलाचा पहिला धडा हा असा वर्गात शिरण्याआधीच होऊन जातो.

पहिलीत मूल अक्षरे आणि अंक शिकते, असा एक गैरसमज आहे. अक्षरे काय, एसटीच्या पाट्या वाचूनही येतात. पहिलीचे खरे काम निराळे आहे. सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते एक वाईट खोड घेऊन: त्याला घरच्या भाषेत सांगितलेले सगळे कळत असते. बेला, जैनथकडच्या कितीतरी घरांत मराठी, उटनूर-नारनूरच्या गुड्यांवर गोंडी नाहीतर कोलामी, तांड्यावर बंजारा. ‘पाणी आण’ म्हटले की ते पाणी आणते, ‘कोंबडी हाकल’ म्हटले की कोंबडीच हाकलते. असे मूल पुढे नागरिक म्हणून काय कामाचे? उद्या त्याच्यापुढे पीककर्जाचा कागद येईल, विम्याची पॉलिसी येईल, दवाखान्यातले संमतिपत्र येईल. ते समजून घेत बसले तर रांग पुढे कशी सरकायची? न कळलेल्या मजकुराकडे शांत, आदरयुक्त चेहऱ्याने बघत राहण्याचा सराव लहानपणीच व्हायला हवा. तो पहिलीत होतो.

शासनाने यासाठी घेतलेले कष्ट मानले पाहिजेत. २०१८ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली आणि तिची सुरुवात मुद्दाम पहिली आणि सहावीपासून केली गेली. २०२२ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आले. त्यासोबत जोडपुस्तके निघाली: एका पानावर इंग्रजी, समोरच्या पानावर तेच तेलुगूत. नारनूरच्या गोंड पोराला यामुळे निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. कोणते पान कळले नाही, हे आता त्याचे त्याने ठरवायचे. ज्या मराठी शाळा अजून तग धरून आहेत, तिथे मूल निदान बाराखडी तरी समजून म्हणते. पण त्यांचीही पटसंख्या दरवर्षी घटत चालली आहे. तेव्हा हा दोष फार दिवस टिकणार नाही.

भिंतीवरचे तक्तेही विचारपूर्वक निवडलेले. मराठीत अ अननसाचा, इंग्रजीत पहिलेच सफरचंद. या जिल्ह्यात दोन्ही पिकत नाहीत, आणि म्हणूनच ती विद्या ठरतात. खिडकीबाहेर नजर पोचेल तिथवर पऱ्हाटी उभी असते, दिवाळीच्या सुमारास अर्धा वर्ग आईसोबत वेचणीला जातो, बोंड कधी फुटते आणि ओला कापूस का नाकारतात हे त्या पोराला नीट ठाऊक असते. पण जे ठाऊक आहे ते शिकवायचे कशाला? त्या दिवसांची हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी रास्त नोंद होते. तेलुगू तक्त्यात मात्र एक ढोबळ त्रुटी राहून गेली आहे. तिथे पहिल्या चौकटीत आई आणि दुसरीत गाय असते. मुले बघताक्षणी ओळखतात. कुणीतरी लक्ष घालायला हवे.

या भूमीत एकदा मोठी चूक झाली होती, ती सांगितलीच पाहिजे. १९४० मध्ये निजामाविरुद्ध उठलेले गोंड नेते कोमरम भीम जोडेघाटला मारले गेले. गोंड एवढे का बिथरले, हे शोधायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. या गृहस्थांना राज्यकारभाराची समज बेताचीच असावी. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी सरळ मारलवाईत गोंडांच्या वस्तीत राहिले आणि १९४३ मध्ये तिथे गोंड तरुणांनाच शिक्षक करण्याचे केंद्र काढले. पहिलीची पुस्तके कोणत्या भाषेत? गोंडीत! आणि लिपी देवनागरी, कारण आसपास मराठीचा वावर होता, ती लोकांच्या नजरेखालची होती. म्हणजे मूल जे घरी बोलते तेच पाटीवर लिहू लागले. परिणाम व्हायचा तोच झाला. मुले वाचू लागली, त्यांतली काही पुढे स्वतः शिक्षक झाली, आणि त्याहून गंभीर म्हणजे लोकांना ही शाळा आपली वाटली. मारलवाईत त्या जोडप्याच्या समाधीला लोक आजही हात जोडतात. सुदैवाने त्या पद्धतीचा धडा पुढच्या राजवटींनी गिरवला नाही. पुढे नारनूरजवळच्या गुंजाळ्यात गोंडीची स्वतंत्र लिपीच जुन्या पोथ्यांत सापडली. २०१८ मध्ये ती युनिकोडमध्येही गेली. तेलुगू सक्तीचा कायदा आला तेही हेच वर्ष, त्यामुळे तोल राखला गेला.

केंद्राची ‘निपुण भारत’ योजना म्हणते की पहिली संपताना मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचता यावे आणि ९९ पर्यंत अंक यावेत. कोणत्या भाषेतले वाक्य, असा खोचक प्रश्न इथे कुणी विचारत नाही. एकशिक्षकी शाळेत तर पहिलीचे पोर चौथीचा भागाकारही कानावरून जाऊ देते. एकाच खोलीत सगळ्या इयत्तांचे न कळणे एकाच फीमध्ये मिळते, आणि फी तर नाहीच.

हाताची घडी, तोंडावर बोट हा या विद्येचा व्यायाम. लघवीला जायचे तर करंगळी वर. हजेरीला ‘यस सार’. गुरुजी फळ्याकडे वळले की बोट तोंडावरून काढायचे, वळून बघितले की परत ठेवायचे. मंडल कार्यालयात काम असलेल्या मोठ्या माणसाकडे याहून वेगळे काय असते?

जिवतीच्या बाजूला, जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या कडेला, परमडोली, अंतापूरसारखी काही गावे दोन्ही राज्ये आपली म्हणतात. तिथे सरपंच दोन, रेशनकार्डे दोन आणि शाळाही दोन, एक मराठी, एक तेलुगू. बाकीच्या जिल्ह्याने हेवा करावा अशी ही सोय. एका शाळेत कळू लागण्याची चाहूल लागली की मुलाला वेळीच दुसऱ्या शाळेत घालता येते.

वर्षाअखेरीस तपासणीला साहेब येतात. बहुधा बदली होऊन दूरच्या जिल्ह्यातून आलेले. ते पहिलीच्या पोराला उभे करून काहीतरी विचारतात. पोर ताठ उभे राहते, साहेबांच्या शर्टाच्या बटणाकडे बघते आणि खणखणीत आवाजात ‘यस सार’ म्हणते. साहेबांना गोंडी येत नसते. ते मान हलवतात, वहीत ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा मारतात आणि चहा घ्यायला निघतात. चहा आणायला त्याच पोराला पाठवले जाते.