माईंचं परराष्ट्र खातं

आमच्या आणि शेजारच्या बंगल्यामधली भिंत छातीएवढीच उंच. सांगलीत विश्रामबागेकडे अशा भिंती अजून शिल्लक आहेत. तिच्यावरून कढीपत्ता जातो, विरजण जातं, आणि 2025 च्या वसुबारसेच्या दुपारी अमेरिकेचं सरकारही गेलं.

"अगं, ऐकलंस का? तिकडचं सरकार अजून बंदच आहे," पलीकडून माई म्हणाल्या. हातात सोऱ्या, त्यात शेवेचं पीठ. माईंचा थोरला न्यू जर्सीत एडिसनला असतो, धाकटी मिरजेत. मिरज रिक्षाच्या अंतरावर. पण माईंच्या बोलण्यात एडिसनच जवळचं.

"सरकार बंद म्हणजे काय हो माई? शटर ओढतात की काय?" मला ठाऊक होतं, पण माईंच्या तोंडून ऐकण्यात गंमत असते.

"खर्चाचा कायदाच मंजूर झाला नाही म्हणे एक तारखेला. मग पगार बंद. विमानं उतरवणारी माणसं बिनपगारी बसलीत. आणि त्यांच्या भरवशावर आमचा थोरला डिसेंबरात विमानात बसणार!"

झोपाळ्यावरून माईंच्या यजमानांनी, म्हणजे अण्णांनी, दुरुस्ती केली. अण्णा बँकेतून निवृत्त झाले, पण दुरुस्त्या करण्यातून नाही. "पगार बुडत नाही, मागाहून मिळतो. 2018-19 मध्ये 35 दिवस बंद होतं. तेव्हाही हे ट्रम्पच अध्यक्ष होते."

"मागाहून म्हणजे कधी? दिवाळी मागाहून येते होय?"

माईंचा खरा राग सरकार बंद असण्यावर नव्हता, ते सुरू असताना जे करतं त्यावर होता. दर वर्षी त्यांचा फराळ पोस्टाने जातो. त्या वर्षी ट्रम्पसाहेबांनी 29 ऑगस्टपासून 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून टाकली. ड्युटी कोणी गोळा करायची आणि कशी भरायची याचा कुणालाच पत्ता नाही, म्हणून विमान कंपन्यांनी हात वर केले आणि आपल्या पोस्टाने अमेरिकेचं बुकिंगच थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं 15 ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेच्या दोन दिवस आधी. तोवर माई एका खासगी कुरिअरने पाठवून मोकळ्या झाल्या होत्या. भेट म्हणून पाठवलेल्या शंभर डॉलरपर्यंतच्या वस्तूंना माफी होती. तेव्हाच्या दरानं रुपयात साधारण आठ हजार आठशे. नुसता फराळ त्यात आरामात बसला असता. माईंनी सुनेसाठी पैठणी घातली आणि चकल्याही आंतरराष्ट्रीय व्यापारात ओढल्या गेल्या.

"मुळात टॅरिफ तिकडचा आयातदार भरतो," अण्णा शिकवणीच्या सुरात म्हणाले. "इकडच्यानं भरायचं नसतंच. मग तो एकतर आपल्याकडून भाव पाडून घेतो, नाहीतर गिऱ्हाइकाकडून काढतो."

"अस्सं? मग कुरिअरवाल्याकडे मी मोजून आले ते पैसे कुणाचे होते?"

अण्णा गप्प. निर्यातदार जर आई असेल तर काय होतं, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नसावं.

हळदीच्या पेठेत मात्र अण्णांचंच गणित चालत होतं. 2025 च्या 27 ऑगस्टपासून भारतीय मालावर पन्नास टक्के लागले होते: पंचवीस आधीचे आणि पंचवीस रशियाचं तेल घेतल्याचा दंड. व्हिएतनामला तेव्हा वीस. म्हणजे सांगलीची हळद कितीही पिवळीधमक असली तरी तिकडच्या घेणाऱ्याला ती आधी कागदावर महाग दिसायची. ब्राझीललाही ट्रम्प यांनी पन्नास लावले होते, आणि ब्राझील म्हणजे कॉफी. अमेरिकेत हवाई आणि पोर्तो रिको सोडलं तर कॉफी जवळपास पिकतच नाही. स्वदेशी उद्योग वाचवायला कर लावला हे एकवेळ समजू शकतं. पण जे पीक आपल्या देशात फारसं येतच नाही त्याच्यावर कर लावून वाचवायचं कुणाला? माईंच्या मते हा माणूस चहा पिणारा असावा. (तोही नाही. तो डाएट कोक पितो.)

"हे काही नवीन नाही," अण्णांनी झोपाळा थांबवला. तो थांबला की इतिहास सुरू होतो. "निक्सननं 1971 साली हेच केलं होतं. तारीखसुद्धा बघा, 15 ऑगस्ट! आपण झेंडे लावले त्याच तारखेला त्यानं टीव्हीवर येऊन डॉलरचं सोन्याशी नातं तोडलं, करपात्र आयातीवर दहा टक्के जादा कर लावला आणि भाव नि पगार नव्वद दिवस गोठवले. तो कर डिसेंबरात काढलाही."

"डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, त्यानं आपल्यावर आरमारही पाठवलं होतं," मी म्हटलं.

"एंटरप्राइज! बंगालच्या उपसागरात!" अण्णांचा चेहरा उजळला. त्या पिढीला शत्रूचं जहाजसुद्धा नावानिशी आठवतं.

माईंना त्या काळातलं आठवतं ते वेगळंच: बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो. "भाकरी थापायला गेलं की चिरायची. आणि ते काँग्रेस गवत? तेही त्यांच्याच गव्हातून आलं म्हणतात. बघ, भिंतीपलीकडे उगवलंय तुझ्याकडे." निक्सन, जॉन्सन, आयझेनहॉवर असा भेद माई करत नाहीत. अमेरिकेचा अध्यक्ष हा त्यांच्या लेखी एकच माणूस आहे, अधूनमधून कोट बदलून येणारा.

एका अध्यक्षाला मात्र या घरात मान आहे. कार्टर. कारण त्यांची आई, लिलियन कार्टर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सेवायोजनेतून भारतात आली आणि 1966 ते 68 अशी विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत, दवाखान्यात नर्स म्हणून राबली. मुलगा अध्यक्ष झाला तो त्यानंतर नऊ वर्षांनी. माईंचं माहेर घाटकोपरचं, त्यामुळे शेजारच्याच स्टेशनावर अमेरिकेच्या अध्यक्षाची आई राहून गेली हे त्या माहेरच्या गोष्टीसारखं सांगतात.

"एवढा भला माणूस. आईनं चांगलं वळण लावलेलं. आणि एकदाच निवडून आला. का ते सांगा तुमच्या सभेला," माईंनी अण्णांना फर्मावलं.

अण्णांनी सांगितलं ते असं. कार्टरच्या काळात महागाई तेरा-चौदा टक्क्यांवर गेली. 1979 मध्ये त्यांनीच पॉल व्होल्कर नावाचा उंचाडा माणूस तिकडच्या रिझर्व्ह बँकेवर, म्हणजे फेडवर, बसवला. त्यानं व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या घरात नेले. घरं खपेनात, मोटारी खपेनात, कारखान्यांत माणसं कमी झाली. त्यातच तेहरानमध्ये वकिलातीतली माणसं ओलीस. 1980 च्या ऑक्टोबरात वादसभेत रीगननी लोकांना एवढंच विचारलं, की चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? आठवडाभरात कार्टर पडले. पुढे त्याच व्होल्करच्या औषधानं महागाई उतरली, तोवर खुर्चीत रीगन.

"म्हणजे शिव्या एकाला आणि ओव्या दुसऱ्याला," माई.

गंमत अशी की त्याच साली जानेवारीत आपल्याकडे इंदिराबाई परत आल्या, त्यात कांद्याचा भाव गाजला होता. 1998 मध्ये तर दिल्ली राज्याचं सरकार कांद्यानंच घालवलं. अमेरिकेच्या लोकशाहीबद्दल आपण फार उंचीवरून बोलतो. तिथला मतदार म्हणजे संविधान, स्वातंत्र्य, जगाचं नेतृत्व. प्रत्यक्षात तोही पिशवी घेऊन बाजारात जाणारा माणूस आहे. 2022 च्या जूनमध्ये तिकडे महागाई 9.1 टक्के झाली आणि पेट्रोल गॅलनला पाच डॉलर. पुढे दोन वर्षांत ती तीन टक्क्यांच्या आसपास आली. बायडेन यांची माणसं सांगत राहिली, महागाई उतरली, महागाई उतरली. लोक दुकानात गेले तर भाव तिथेच.

इथे मला माईंना समजवावं लागेल असं वाटलं होतं. पण त्याच म्हणाल्या, "अगं, महागाई उतरली म्हणजे भाव उतरला असं कुठं असतं? चढायचा वेग कमी झाला, एवढंच. सोनं सव्वा लाखाच्या पुढे गेलंय. उद्या ते हळूहळू चढायला लागलं, म्हणून मी काय स्वस्त झालं म्हणणार?" जे कमला हॅरिसना सभांमधून नीट मांडता आलं नाही, ते माईंनी शेव पाडता पाडता सांगितलं.

अंड्यांचंही तसंच. किराणा स्वस्त करतो म्हणून ट्रम्प निवडून आले आणि 2025 च्या मार्चमध्ये अंडी डझनाला सव्वासहा डॉलरवर गेली, तेवढी कधीच गेली नव्हती. कारण बर्ड फ्लू. कोट्यवधी कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या होत्या. त्यात बायडेन यांचा दोष नव्हता आणि पुढे भाव उतरले त्यात ट्रम्प यांचं कर्तृत्व नव्हतं. व्याजाचा दरही अध्यक्षाच्या हातात नसतो. म्हणून तर फेडचे तेव्हाचे प्रमुख पॉवेल यांच्यावर ट्रम्प इतके तडकत. पॉवेल यांना त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसवलं कुणी, तर ट्रम्प यांनीच. अण्णांना या प्रकरणात फार रस. आयुष्यभर रेपो दर ऐकलेला माणूस, त्याला गव्हर्नरवर आरडाओरडा करणारा अध्यक्ष म्हणजे चित्रपटच.

मग अध्यक्षाच्या हातात असतं काय? 2025 मध्ये तरी टॅरिफ आणि व्हिसा, असं मला दिसलं. एका सहीनं झाले, आणि त्यांचा चटका मत नसलेल्यांनाही बसला.

व्हिसाचा विषय निघाला की माईंचा आवाज खाली येतो. 19 सप्टेंबरला रात्री एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर फीची बातमी आली, तेव्हा आम्ही सगळेच जागे होतो. एक लाख डॉलर म्हणजे 88 लाख रुपये. दर वर्षी, असं आधी त्यांचे मंत्री म्हणाले. सुटीवर आलेल्यांनी मिळेल त्या तिकिटाने परतीची विमानं पकडली. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोला विमानात बसलेले उतरून गेले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला: एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. या व्हिसातले सत्तर टक्क्यांहून जास्त आपलेच लोक. थोरल्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्याला काहीच धोका नव्हता. तरी माईंनी त्या रात्री त्याला पाचदा फोन केला, कारण भाचेसून अजून व्हिसाच्या रांगेत होती.

"आणि त्याच ट्रम्पच्या नावाचे दोन मनोरे पुण्यात कल्याणीनगरला उभे आहेत," अण्णा म्हणाले. "त्याला आपल्याकडे यायला फी नाही."

तिकडची निवडणूक कशी होते हे अण्णांनी मला याआधी अनेकदा समजावलं आहे. राज्याराज्यांतून अध्यक्ष निवडणारे 538 प्रतिनिधी, त्यांतले 270 मिळाले की गड सर. लोकांची मतं जास्त पडूनही 2000 मध्ये गोर हरले, फ्लोरिडातल्या 537 मतांनी. 2016 मध्ये हिलरी अठ्ठावीस लाख मतं जास्त घेऊन हरल्या. पेनसिल्व्हेनियाचे 19 प्रतिनिधी अण्णांना पाठ आहेत. न्यू जर्सीतला मुलगा कुणालाही मत देवो, फरक पडत नाही, कारण ते राज्य 1992 पासून डेमोक्रॅटांकडेच जातं. आणि हा मुलगा तर नागरिकच नाही. तरी 2024 च्या नोव्हेंबरात मतमोजणीच्या दिवशी पहाटे पाचला पलीकडच्या घरात दिवा होता.

"आपला एक माणूस आहे की तिथं!" माई एकदम म्हणाल्या. "बेळगावचा!"

श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले, आणि 2022 मध्ये डेट्रॉइटकडून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेले. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव मांडला. मे महिन्यात त्यावर मतदान लावायचा हट्ट त्यांच्याच पक्षातल्यांच्या नाराजीमुळे सोडला. ठराव मांडला तेव्हा माईंना फार आनंद झाला होता, हट्ट सोडला ते त्यांनी मनावर घेतलं नाही. बेळगावचा माणूस कज्जा सोडत नसतो, असं त्यांचं म्हणणं. सीमाभागाचा तसा लौकिक आहे खरा.

"पुढच्या वर्षी 3 नोव्हेंबरला मधली निवडणूक," अण्णांनी तारीख सांगितली. "435 जागा प्रतिनिधिगृहाच्या, आणि सिनेटच्या एक तृतीयांश. बघा, तोवर कॉफी उतरली नाही तर साहेबांचं बहुमत गेलं."

"आणि आपल्या वॉर्डात कोण उभं राहतंय हो?" मी सहज विचारलं.

अण्णांनी माईंकडे पाहिलं, माईंनी सोऱ्याकडे. कुणालाच सांगता येईना, मलाही नाही. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची त्याआधीची निवडणूक ऑगस्ट 2018 मध्ये झाली होती. 2023 मध्ये मुदत संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. 2018 नंतरच्या काळात अण्णांनी अमेरिकेच्या दोन अध्यक्षीय निवडणुका राज्यवार पाहून घेतल्या होत्या. 31 जानेवारी 2026 पर्यंत निवडणुका घ्या असं सुप्रीम कोर्टानं तेव्हा सांगितलं होतं. त्यात आम्हा तिघांनाही मत होतं.